शिंदेशाहीची तिसरी पिढी : आवाज घरचा, शब्द कुणाचे?

 

आजचा विषय कल्याणच्या शिंदे घराण्याच्या तिसऱ्या पिढीचा आहे. प्रल्हाद शिंदे यांचे नातू, आनंद शिंदे यांचे मुलगे, म्हणजे आदर्श आणि उत्कर्ष शिंदे. आदर्श पार्श्वगायक म्हणून आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. उत्कर्ष पेशानं डॉक्टर, आणि शिवाय गायक, गीतकार, संगीतकार. २०२१च्या ‘बिग बॉस मराठी’मुळे त्यांचा चेहरा घराघरांत पोचला, पण आज आपल्याला चेहऱ्याशी काम नाही, गाण्याशी आहे.

या घराण्यावर बोलताना सहसा एकच गोष्ट सांगितली जाते. आजोबांचा आवाज मुलाकडे आला, मुलाचा नातवाकडे आला, रक्तातच गाणं आहे, टाळ्या. हे खोटं नाही, पण यातून फार काही कळत नाही. रक्तात गाणं असतं का, हे गाणाऱ्याला विचारा. तो सांगेल की रियाज असतो, दौरे असतात, आणि रात्री तीन वाजता संपलेल्या कार्यक्रमानंतर सकाळी पुन्हा रेकॉर्डिंग असतं. आम्हाला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. या घरात दोन पिढ्या आवाज घरचा होता आणि शब्द मुख्यतः बाहेरून येत होते. तिसऱ्या पिढीनं आवाजाबरोबर लेखणीही हातात घेतली. एवढ्यानं काय बदललं? काय मिळालं, काय गेलं? आजचं बोलणं एवढ्यापुरतंच.

कल्याण का?

आधी जागेबद्दल थोडं. ठाणे, डोंबिवली, कल्याण म्हटलं की सांस्कृतिक बातम्यांत काय येतं? ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर. फडके रोडवरची दिवाळी पहाट. १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली आणि मग महाराष्ट्रभर पसरलेली गुढीपाडव्याची शोभायात्रा. हे सगळं खरंच आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांचं लहानपण त्यातच गेलंय.

पण याच स्टेशनांच्या दुसऱ्या अंगाला दुसरा रंगमंच आहे. त्याला तिकीट नाही, पडदा नाही, तिसरी घंटा नाही. एप्रिलमध्ये चौकात बांधलेलं स्टेज, भाद्रपदातला मांडव, लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद, जत्रा. इथला श्रोता उभा असतो, आणि आवडलं नाही तर निघून जातो. या रंगमंचावर टिकायचं म्हणजे पहिल्या ओळीत माणूस थांबवता आला पाहिजे. शिंदे घराणं या शाळेत शिकलं.

आणि कल्याण हे जंक्शन आहे, हेही विसरू नका. एक फाटा कर्जतकडे वळतो आणि घाट चढून पुणे-सोलापूरला जातो, दुसरा कसाऱ्याकडे वळून नाशिक-मनमाडला. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या पार्टीला याहून सोयीचं बिऱ्हाड कुठलं? गावाशी नातं तोडायचं नाही आणि मुंबईच्या स्टुडिओपर्यंतही पोचायचं, अशा माणसाचं हे गाव. शिंदे घराण्याच्या गाण्यातही ही दोन्ही टोकं आहेत.

एक आवाज, अनेक दारं

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३चा, निधन २३ जून २००४चं. ते कव्वाल म्हणून ओळखले जात. आवाज उंच, मोकळा, खणखणीत. मायक्रोफोन बंद पडला तरी शेवटच्या रांगेत शब्द पोचेल असा. शब्द स्पष्ट, आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरावर ते जे थांबतात, ते थांबणं दाद मागणारं नसून ऐकणाऱ्याला आत घेणारं असतं.

या आवाजात आंबेडकरी गाणी आहेत, कव्वाल्या आहेत आणि विठ्ठलाची, गणपतीची गाणीही आहेत. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गाणं आज आषाढीला वाजलं नाही असं गाव सापडणं कठीण. ‘तूच सुखकर्ता’ गणपतीच्या मांडवात वाजतंच वाजतं. आता दोन नावं सांगतो. ‘पाऊले चालती’चे गीतकार दत्ता पाटील, संगीतकार मधुकर पाठक. आणि ‘तूच सुखकर्ता’ लिहिलं हरेंद्र जाधव यांनी, ज्यांची ओळख आयुष्यभर आंबेडकरी लोककवी अशी होती.

बघा, गणपतीच्या मांडवात सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं एका आंबेडकरी कवीनं लिहिलंय आणि भीमगीतांच्या गायकानं गायलंय. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे हा साधा विरोधाभास नाही, चळवळीच्या आतला खरा प्रश्न आहे, आणि चळवळीतल्या लोकांनी तो वेळोवेळी विचारलेलाही आहे.

त्याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात. पहिलं पोटाचं. कंपनीला गणपतीची रेकॉर्ड हवी, गायकाला पैसे हवेत. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पोट कोणत्या शास्त्रीय गायकाला नसतं? दुसरं उत्तर समन्वयाचं. कलेला जातधर्म नसतो वगैरे. हे ऐकायला गोड, पण जरा उडवाउडवीचंच. कलेला जात नसती तर कुठलं गाणं सभागृहात आणि कुठलं चौकात, हे इतकं पक्कं ठरलेलं नसतं.

आमचं उत्तर तिसरं आहे. कव्वालाच्या, शाहिराच्या परंपरेत गाणारा माणूस म्हणजे गाण्यातला ‘मी’ नव्हे. तो ज्याच्या दारात उभा आहे त्याच्या वतीनं बोलतो. वारकऱ्याच्या दारात वारकऱ्याचा ‘मी’, भीमजयंतीला अनुयायाचा ‘मी’, सवाल-जवाबात तर एकाच रात्रीत दोन्ही बाजू. आवाज त्याचा, साक्ष दुसऱ्याची. विचारलंच कुणी, तर तो म्हणू शकतो, “लिहिलं कवीनं, मी गायलो.” ही एक ढाल आहे, आणि प्रल्हाद शिंदे यांच्या पिढीला ती पुरली. हा ढालीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वहीवाला माणूस

आता त्या कवीबद्दल. या परंपरेत कवी हा घराबाहेरचा माणूस असे. वही घेऊन येई, गाणं देऊन जाई. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख करून घेतलेला हा माणूस. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं केलं ते हिंदी सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन. पुढे गावोगाव फिरून हजारांनी गाणी लिहिली. त्यांची गाणी त्यांनी स्वतः गायली, पण त्याहून जास्त इतरांनी गायली. कितीतरी पार्ट्या वामनदादांच्या शब्दांवर उभ्या राहिल्या.

या गाण्यांचं वैशिष्ट्य काय? ती वाद घालतात. प्रश्न विचारतात, हिशेब मांडतात, टोमणा मारतात. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळण बदलली आणि सवाल-जवाबातून विचार मांडला. त्याआधी सत्यशोधकी जलशांनी तेच केलं होतं. त्या वळणाचं गाणं बाबासाहेबांचं नाव घेऊन थांबत नाही. त्या नावानं माझ्या आयुष्यात काय बदललं आणि काय अजून बदललेलं नाही, हे सांगतं.

वामनदादा १५ मे २००४ला गेले. प्रल्हाद शिंदे त्यानंतर सव्वा महिन्यात. लिहिणारा आणि गाणारा, दोघंही एकाच उन्हाळ्यात. त्याच्याआधीच मधली पिढी उभी राहिली होती, आणि तिचं गाव कॅसेट होतं.

कॅसेट आणि पोपट

कॅसेटनं काय केलं ते थोडक्यात. तवा महाग, ग्रामोफोन महाग, आणि कंपनी ठरवणार कुणाला गायला द्यायचं. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि हे बंधन सैल झालं. छोटी कंपनी, छोटा स्टुडिओ, स्टेशनबाहेरच्या टपरीवर विक्री. रिक्षात, पानाच्या गादीवर, सलूनमध्ये टेप वाजू लागले. आनंद, मिलिंद आणि दिनकर या तीन भावांचा आवाज इथं घुमला.

आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट’ आठवत नाही असा पन्नाशीचा माणूस या सभागृहात नसेल. तेव्हा या गाण्यांवर अश्लीलतेचा शिक्का बसला. सुशिक्षित घरांत ती लावली जात नसत. लग्नाच्या वरातीत मात्र त्याच घरांतली मंडळी त्यांवर नाचत. इथं टीका म्हणून एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. द्व्यर्थी गाणं आपल्याकडे लावणीपासून आहे. पोपटाचं गाणं वाईट ठरलं ते त्यातल्या आशयापेक्षा ते कुठून आलं आणि कुठं वाजलं यामुळे. पण त्याच दशकात त्याच साच्याची जी ढीगभर नक्कल निघाली, तीत बाईची चेष्टा एवढंच शिल्लक राहिलं, हेही खरं. आनंद शिंदे यांच्या आवाजातला खोडकरपणा त्या नकलांत नव्हता. त्यांचा आवाज वडिलांपेक्षा खरबरीत. ढोलकीच्या दोन ठेक्यांमधल्या फटीत ते शब्द अलगद टाकतात, आणि हसू तिथून येतं.

पुढे ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांनी त्यांना आणि वैशाली सामंत यांना ‘कोंबडी पळाली’ दिलं. चौकातला आवाज मल्टिप्लेक्समध्ये गेला. मग २०१२च्या ‘अग्निपथ’मध्ये तीच चाल ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर वाजली. संगीतकार तेच, भाषा हिंदी, आवाज श्रेया घोषाल यांचा. चाल दिल्लीपर्यंत गेली आणि कल्याणचा आवाज कल्याणलाच राहिला. यात कुणाची लबाडी नाही, धंद्याची रीत आहे. पण त्या रीतीत एक धडा आहे. नुसत्या आवाजावर गाणाऱ्याची मालकी फार पातळ असते. चाल आणि शब्द ज्याचे, गाणं त्याचं.

लेखणी हातात

आता तिसरी पिढी. आदर्श शिंदे यांचा जन्म १९८८चा. ‘दुनियादारी’ हा चित्रपट आला २०१३ साली, आणि त्यातलं अमितराज यांचं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ त्यांना घराघरांत घेऊन गेलं. शब्द मंदार चोळकर यांचे. कॉलेजातल्या प्रेमभंगाचं गाणं, पण अंगरखा प्रार्थनेचा. आजोबांनी देवाच्या दारात उभं राहून जे गाऱ्हाणं घातलं असतं, ते इथं नातू प्रेमासाठी घालतो. संगीतकारानं हा आवाज का निवडला असेल, हे दोन मिनिटं ऐकलं की कळतं. रडगाणं होऊ न देता आर्त होणं हे या घराण्याचं कसब आहे. ते वरच्या स्वरात जातात तेव्हा आवाज चिरकत नाही, रुंद होतो. २०१६च्या ‘पोश्टर गर्ल’मध्ये ‘आवाज वाढव डीजे’ हे गाणं बाप-लेकांनी मिळून गायलं. तिथं दोन पिढ्या शेजारी उभ्या ऐकू येतात. वडील ठेक्याच्या मागे रेंगाळतात, मुलगा ठेक्यावर नेमका उतरतो. एक कॅसेटवर वाढलाय, दुसरा हेडफोन लावून क्लिकवर गायला शिकलाय.

पण इथवर शब्द दुसऱ्याचेच. बदल दिसतो तो २०१९ला. स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली आणि तिचं शीर्षकगीत आदर्श-उत्कर्ष या भावांनी केलं. शब्द-चाल घरची, आवाज आदर्श यांचा. मालिका पुढच्या वर्षी संपली, गाणं राहिलं. मोबाइलची रिंगटोन झालं, जयंतीच्या मिरवणुकीत गेलं, बारशाला आणि लग्नातही वाजायला लागलं.

हे गाणं चांगलं का आहे? शीर्षकगीताची अट कडक असते. वेळ मिनिटभराचा. रोज रात्री तेच. माणूस जेवता-जेवता ऐकणार. पहिल्या काही सेकंदांत पकड बसली नाही तर गेलं. ज्या कलाकारानं चौकात उभ्या श्रोत्याला थांबवायचं शिकलंय, त्याला ही अट नवीन नव्हती. ध्रुवपदाचा सगळा भार नावावर आणि ‘माझा’ या एका शब्दावर आहे. ‘माझा’ हा भक्तीच्या परंपरेतला शब्द. पंढरीच्या वाटेवर तो विठोबासाठी येतो. तोच शब्द, जवळपास तीच ओढ, इथं एका आधुनिक विचारवंताला लावली आहे. आजोबांच्या दोन वाटा नातवांनी एका हाकेत बांधल्या, आणि हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या वहीतून घेतलं नाही. गायक-गीतकार म्हणून या पिढीचं खरं यश इथं आहे.

आणि इथंच ती ढाल खाली पडते. स्वतः लिहिलं की “कवीनं लिहिलं, मी गायलो” असं म्हणायची सोय उरत नाही. शब्द माझा म्हटलं की जबाबही माझा.

नाव आणि पैसा

आधी फायद्याची बाजू पाहू, कारण ती छोटी नाही.

दुकानात कॅसेटच्या कप्प्यावर पाटी असायची, ‘लोकगीते’. हा शब्द आपण कौतुकानं वापरतो, पण त्यात एक अन्याय दडलाय. लोकगीत म्हटलं की ते कुणीच लिहिलेलं नसतं. हरेंद्र जाधव, दत्ता पाटील ही माणसं होती. त्यांना घरभाडं होतं, आजारपणं होती. त्यांची गाणी लाखो लोकांना पाठ, आणि नाव किती जणांना? ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ला राज्यगीत झालं. शाहीर साबळे यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, कवी राजा बढे यांचं नाव सांगावं लागत होतं. ही सवय आपली, ऐकणाऱ्यांची आहे.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारात लिहून काढून घेता येणार नाही, असं त्यात ठरलं. पूर्वी एका रकमेत गाणं विकून मोकळं व्हायची रीत होती. आता निदान कागदावर तरी तो हक्क वारसांपर्यंत राहतो. त्याच दुरुस्तीनं गायकांच्या रॉयल्टीलाही आधार दिला. म्हणजे तिसरी पिढी लेखणी उचलते ती नुसत्या हौसेनं नव्हे. काळ तसा आहे. ज्याचं नाव श्रेयनामावलीत, त्याचा वाटा.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. तमिळनाडूत अरिवु नावाचा तरुण गायक-कवी आहे. २०२१ला त्याचं आणि गायिका धी यांचं ‘एन्जॉय एन्जामी’ जगभर गाजलं. आजीच्या आठवणींतून, मळ्यांत राबलेल्या पूर्वजांच्या कष्टांतून उगवलेले त्याचे शब्द. पण त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या निमित्तानं इतर कलाकार झळकले, अरिवु नव्हता. त्यावर मोठा गदारोळ झाला. लिहिणारा दलित मुलगा चित्रातून कसा गळतो, हे सगळ्या देशानं पाहिलं. या पार्श्वभूमीवर कल्याणचे दोन भाऊ स्वतःचं नाव गीत-संगीत या जागी लावतात, तेव्हा ती साधी गोष्ट नाही. आम्ही तिचं स्वागत करतो.

मग तक्रार काय?

तक्रार अशी. शब्द घरात आले, पण घराबाहेरचा वहीवाला माणूस दाराबाहेर राहिला.

वामनदादांचं किंवा हरेंद्र जाधवांचं गाणं शिंदे गात, तेव्हा गाण्यात दोन आयुष्यं असायची. लिहिणाऱ्याचं आणि गाणाऱ्याचं. कवी आपल्या वस्तीचं काहीतरी घेऊन यायचा, गायकाला माहीत नसलेलं. आवाज मोठा, शब्द टोकदार, आणि दोघांची थोडी ओढाताण. त्या ओढाताणीतून गाण्याला धार यायची. आता आवाज आणि शब्द एकाच घरातले, एकाच संस्कारातले. ओढाताण कमी झाली. गाणं गुळगुळीत झालं.

ज्या गाण्यांवर या पिढीचं गीतकार म्हणून नाव झालं, त्यांत गौरव भरपूर आहे. सूर्य, क्रांती, उपकार, अभिमान, ही सगळी शब्दकळा आहे. गौरव हवाच, ज्यांना पिढ्यानपिढ्या मान खाली घालायला लावली, त्यांच्या गाण्यात मान वर असणं हा सुद्धा विचारच आहे. पण सवाल कुठं आहे? जलशाचा सवाल? जुनं गाणं बाबासाहेबांशी बोलताना आपल्याच समाजाला दोन कडक गोष्टी ऐकवायचं. नेत्यांना टोमणा मारायचं. नवं गाणं वंदन करतं आणि थांबतं. शीर्षकगीतात ते शोभतं, त्याचं कामच ते. मिरवणुकीतल्या वर्षभराच्या गाण्यांत तेच तेच आलं की वंदनाचा साचा होतो.

आणि खरी गंमत अशी की सवालाचं सामान या घरात भरपूर आहे. ज्या घराण्याच्या गाण्यांवर एका काळी नाकं मुरडली गेली, त्याच घराण्यातला नातू डॉक्टर होतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही! दवाखान्यात समोर बसलेला माणूस, त्याचं आडनाव, त्याचा आजार, औषध परवडतं की नाही. डब्यात लटकून ठाण्याला कामाला जाणारी मुलं. शिक्षण झालं आणि कंत्राटावरच राहिलेली मुलगी. टिटवाळ्यापासून दिव्यापर्यंत वाढत गेलेल्या चाळी. हे सगळं लिहायला बाहेरचा कवी येणार नसेल, तर लेखणी ज्याच्या हातात आहे त्यानंच लिहायला हवं. गाणं आपलं म्हटल्यावर आपलं आयुष्य त्यात यायला नको का? प्रल्हाद शिंदे यांच्याकडून आम्ही हे मागितलं नसतं. ते दुसऱ्याची साक्ष गात होते. गायक-गीतकाराकडून मागतो, कारण आता साक्ष त्याची स्वतःची आहे.

त्यातून आमचं म्हणणं एवढंच निघतं. आवाज वारशानं मिळाला, तो त्यांनी जपला आणि वाढवला. लेखणी कष्टानं मिळवली. आता तिचा उपयोग आजोबांच्या पिढीला ज्या ढालीमागे उभं राहावं लागलं, त्या ढालीच्या पुढे येऊन बोलण्यासाठी व्हावा. आणि सोबत, दरवर्षी एखादी तरी बाहेरची वही उघडावी.

प्रश्नोत्तरं

दोन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

एक ताई विचारतायत, “डॉल्बीवर शब्द ऐकूच येत नाहीत, मग शब्दांची एवढी चर्चा कशाला?”

ताई, प्रश्न बरोबर आहे. डॉल्बीवर पोचतं ते ठेका आणि ध्रुवपद, त्यामुळे लिहिणारा सगळं बळ ध्रुवपदात घालतो आणि अंतरे भरतीचे होतात. पण तेच गाणं दुसऱ्या दिवशी माणूस मोबाइलवर, कानात घालून, लोकलमध्ये ऐकतो. तिथं अंतरे ऐकू येतात. एकाच गाण्याला आता दोन ठिकाणी जगायचंय. जुन्या कव्वालीत हे होतंच की. ध्रुवपद सगळ्यांसाठी, आणि अंतऱ्यातली कोटी पुढच्या रांगेतल्या जाणकारासाठी. ध्रुवपद नाचायला असू द्या. अंतऱ्यात सवाल असावा. ही गोष्ट जमण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. “घराण्याचं नाव असलं की संधी मिळते. आमच्यासारख्या, घरात कुणीच न गाणाऱ्या मुलांनी काय करायचं?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. घराण्याचा फायदा असतोच. स्टुडिओ ओळखीचा, वादक ओळखीचे, आडनावाला गर्दी. पण याच परंपरेत सगळ्यात मोठं नाव कुणाचं? वामनदादांचं. त्यांच्यामागे कुठलं घराणं होतं? अक्षरसुद्धा मोठेपणी शिकलेला माणूस. त्यांच्याकडे वही होती आणि पाय होते. तुमच्याकडे वही आहे, आणि गाणं लोकांपर्यंत न्यायला आता पायपीटही तेवढी लागत नाही. गाणं लिहा, आणि चांगल्या आवाजाकडे घेऊन जा. शिंदे घराण्याची कितीतरी मोठी गाणी अशाच बाहेरच्या वहीतून आली आहेत.

शेवटी ऐकणाऱ्यांना एक विनंती. येत्या भाद्रपदात किंवा चौदा एप्रिलला गाणं वाजेल, तेव्हा गायकाबरोबर गीतकाराचं नावही शोधा. शेजारच्याला सांगा. लोकगीताच्या पाटीमागे राहिलेली माणसं एवढ्यानंसुद्धा पुढे येतात.